रंकाळ्यात पायपेटी

नृसिंहराव शेळक्यांच्या घरापासून मौलाचं घर तीन बोळ पलीकडं. तोंडातलं पान संपायच्या आत माणूस पोचतो. तिथं जाऊन "चल रे मौला" एवढे तीन शब्द बोलले असते, तर काम झालं असतं. पण नृसिंहरावांनी ठरवलं, की ते तीन शब्द काही आपल्याच्यानं होणार नाहीत. त्यापेक्षा नावेला विजेची मोटार बसवणं सोपं.

(सोपं हा शब्द त्यांचा. पुढं जे घडलं ते वाचून कुणी त्यांना तो ऐकवू नये. त्यांना आधीच पुष्कळांनी पुष्कळ ऐकवलं आहे.)

नृसिंहराव दरबारच्या दप्तरखान्यात हेडक्लार्क होते आणि मौला तिथंच दप्तरं बांधायचा. नृसिंहरावांनी कागद लिहायचे, मौलानं ते शिवायचे, पुठ्ठा घालायचा आणि फळीवर लावायचे. संस्थान विलीन झालं तसे दोघे एकाच दिवशी पेन्शनीत निघाले. सहा दिवस कागद आणि रविवारी मासे, असा त्यांचा बरोबरीचा शिरस्ता होता. त्यातले कागद सुटले, मासे राहिले. पद्मजाबाई, म्हणजे नृसिंहरावांच्या पत्नी, त्याच्या आदल्या वर्षी गेल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. तेव्हा आठवड्यात त्यांना वार म्हणून एकच होता, रविवार. बाकीचे सहा नुसते मध्ये यायचे.

रंकाळ्यावर त्यांची लाकडी नाव होती. इतकी लहान, की दोघं बसायचे तर पाठीला पाठ टेकूनच. नृसिंहराव पुढं तोंड करून गळ धरत, मौला मागं तोंड करून वल्ही मारी. आता मागं तोंड करून बसलेल्याचं जे उजवं, तेच पुढं बघणाऱ्याचं डावं. पहिल्याच रविवारी यावर वाद झाला, तेव्हा मौला म्हणाला होता, "रावसाब, वल्ही माझ्या हातात हायत. डावं-उजवं माझं धरा." ते नृसिंहरावांना पटलं. नाव आपल्या डावीकडं न्यायची असली की ते म्हणत, "उजवं!" आणि नाव डावीकडं वळे. अशी ती बावीस वर्षं वळली.

गेल्या दसऱ्यानंतरच्या रविवारी मात्र गळाला मरळ लागली. केवढी ते सांगण्यात अर्थ नाही, कारण दर महिन्याला ती चार बोटं वाढते आहे. नाव सरळ केंदाळात शिरली, दोरी पाण्यातल्या वेलांत गुंतली, तुटली, आणि मरळ गेली.

"मी उजवं म्हणालो होतो!" काठाला लागता लागता नृसिंहराव ओरडले. धुणं धुणाऱ्या बायका, म्हशीवाले, फिरायला आलेली पेन्शनर मंडळी, सगळे माना वळवून बघायला लागले.

"रावसाब, मी नाव कुठंच वळवली न्हाय," मौला हळू म्हणाला.

"तेच म्हणतोय मी! वळवली नाहीस! बावीस वर्षं झाली तरी तुला डावं-उजवं कळत नाही!"

मौलानं वल्ही पुसली, आडवी ठेवली. एकदा नृसिंहरावांकडं बघितलं, एकदा काठावरच्या गर्दीकडं. मग तो चालता झाला. रविवारचा चहा तो नृसिंहरावांकडं घ्यायचा. त्या रविवारी घेतला नाही. पुढच्याही नाही.

असे चार महिने गेले. नृसिंहराव रविवारी सवयीनं दोन कपांचं आधण ठेवत आणि दुसरा कप मानानं स्वतःच पीत. सकाळी भाकरी भाजायला बनाबाई येई. तिच्या नजरेतून हे सुटलं नाही.

"मालक, आयतवारी पित्त खवळतंय बगा तुमचं. दोन-दोन कप चा ढोसताय."

"मला आवडतो."

"मग सोमवारी एकच का?"

नृसिंहरावांनी वर्तमानपत्र उघडून तोंडापुढं धरलं. (वर्तमानपत्र शनिवारचं होतं.)

अशात एकदा भाजलेल्या शेंगांची पुडी सोडताना आतून एका अमेरिकन मासिकाचं पान निघालं. पानावर चित्र. तळं, नाव, नावेत हॅट घातलेला एक साहेब. साहेब एकटाच होता. नावेच्या बुडाशी विजेची लहानशी मोटार, साहेबाच्या हातात गळ, तोंडात पाइप, आणि चेहऱ्यावर असं समाधान, की त्याला जन्मात कुणाला "चल रे" म्हणावं लागलं नसेल. नृसिंहराव त्या चित्राकडं शेंगा संपेपर्यंत बघत राहिले. एकच अडचण होती. साहेब मोटार वळवतो कशानं, हे जिथं दिसायला हवं तिथं नेमका तेलाचा डाग पडला होता.

पान घेऊन ते उद्यमनगरात केरबा मिस्त्रीकडं गेले. केरबा विहिरीवरची इंजिनं बनवायचा. त्यानं चित्र उजेडात धरलं.

"मासं धरायला मोटार? मासं काय पळून चाललंय व्हय?"

"नाव चालवायला. मला एकट्याला जायचं असतं."

"एकट्याला? आणि मौलाभाई?"

"त्याचं काय! त्याला काम असतं," नृसिंहराव छताकडं बघत म्हणाले.

केरबानं पुढं विचारलं नाही. जुन्या मोटारगाडीचा डायनॅमो उलटा जोडला की त्याचीच मोटार होते, खाली लांब नळी आणि नळीच्या टोकाला पितळी पंखा, जवळ गाडीची बॅटरी, एवढं त्यानं बोलता बोलता खडूनं जमिनीवर काढून दाखवलं. मग कानामागं खडू ठेवून म्हणाला, "हे हुतंय. पर नळी फिरवायची कशी ते तुमी सांगायचं. कंट्रोल कसलं पायजे? दांडी हाताला देऊ? का कंबरला पट्टा बांधू, माणूस जिकडं कलंल तिकडं नाव? का पायात देऊ? माझ्याकडं एका बुडालेल्या नाटक कंपनीची पायपेटी पडलीया. सूर गेलंत, पर पायट्या लोखंडावानी हायत."

"विचार करून सांगतो," नृसिंहराव म्हणाले. एवढ्या मोठ्या गोष्टीचा निकाल उभ्या उभ्या लावायचा नसतो, हे ते तीस वर्षांच्या नोकरीत शिकले होते.

घरी येऊन त्यांनी फाइल उघडली. ("कंट्रोल ठरवायचंय," असं ते बनाबाईला बोलून गेले. "आवो, जोंधळ्याचं कंट्रोल तर उठलं की!" ती म्हणाली आणि आनंदानं एक भाकरी जास्त थापली.) विषय: नौकेच्या मोटारीचे नियंत्रण. पर्याय पहिला: हातदांडी. अभिप्राय: एक हात दांडीवर, दुसरा गळावर, मासा लागल्यास तिसरा आणावा कोठून? नापसंत. पर्याय दुसरा: कंबरपट्टा. अभिप्राय: अर्जदार नौकेत ताठ बसतो. कलण्याची सवय नाही. नापसंत. पर्याय तिसरा: पायट्या. अभिप्राय: दोन्ही हात मोकळे. अर्जदारास दोन पाय आहेत. शिफारस. खाली त्यांनी "निर्णयार्थ सादर" लिहून सही केली, थोडा वेळ थांबले, मग "मंजूर" लिहून दुसरी सही केली. आता या फाइलीला पुठ्ठा घालून ती शिवायची होती. नृसिंहरावांनी सुईदोरा शोधला. बोटाला दोनदा टोचल्यावर त्यांनी ती तशीच सुटी उशाखाली ठेवली.

महिन्याभरानं मोटार घरी आली. रंकाळ्यावर नेण्याआधी घरीच पाहून घ्यावी, म्हणून परसातल्या हौदाच्या काठाला केरबानं ती घट्ट बसवली. खाली नळी, नळीला सायकलच्या ब्रेकच्या तारा, तारा पायट्यांना. नृसिंहराव हौदापुढं पाटावर बसले, पाय पायट्यांवर, हातात गळाची काठी. काठीची गरज नव्हती, पण सरावात कसूर नको.

"डावी दाबली की नाव डावीकडं. उजवी दाबली की उजवीकडं," केरबा म्हणाला. "लेकरू बी चालवंल. दाबू बटण?"

"दाब."

बटण दाबलं. घरातल्या दिव्याचं बटण होतं ते; त्याला दोनच गोष्टी माहीत, चालू आणि बंद. पंखा फिरला आणि हौदातलं पाणी उभं राहिलं. उभं राहून ते अंगणात गेलं, तिथं बनाबाईनं चटईवर सांडगे घातले होते. नृसिंहरावांनी घाईनं पाय दाबला. पाण्याचा फवारा सांडगे सोडून थेट बनाबाईवर वळला. त्यांनी दुसरा पाय दाबला. फवारा पुन्हा सांडग्यांवर.

"बंद करा की!" बनाबाई ओरडली.

"केरबा, बंद कर!"

केरबा बटणाकडं धावला, पण त्याच्या आधी हौदात भिजत घातलेलं नृसिंहरावांचं धोतर पंख्याकडं निघालं होतं. पंख्यानं ते टोकापासून शिस्तीत गुंडाळून घेतलं. मोटार घुरघुरली, वास आला, आणि सगळं थांबलं.

बनाबाईनं पदर पिळला. सांडग्यांचं पीठ झालं होतं. हौदातून धोतराचं टोक वर आलं होतं. ते बघून ती म्हणाली, "एका माणसाचं धोतर पिळायला इंजान लागतंय व्हय आता?"

एका माणसाचं, हे शब्द नृसिंहरावांना उगीच दिवसभर ऐकू येत राहिले.

केरबानं धोतर सोडवून मोटार पुन्हा चालती केली, आणि पुढच्या रविवारी हातगाडीवर मोटार, बॅटरी आणि पायट्या घालून नृसिंहराव रंकाळ्यावर गेले. केरबानं सगळं नावेला बसवून दिलं. वल्ही घ्यायची की नाही, यावर नृसिंहरावांनी बराच विचार केला होता. वल्ही घेणं म्हणजे मौलाला अर्धं बोलावण्यासारखं होतं. वल्ही घरी राहिली.

नाव निघाली तेव्हा पहाटेचा गारवा होता. पाणी स्वच्छ, पंखा बारीक आवाजात गुणगुणत होता, आणि नृसिंहरावांनी गळ टाकून चित्रातल्या साहेबासारखा चेहरा केला. दहा-बारा वाव ते तसेच गेले. मग समोर केंदाळ दिसलं. डावीकडून जावं, असं त्यांच्या मनात आलं. आता त्यांच्या मनात डावीकडं आलं, की तोंडातून काय निघतं हे तुम्हांला ठाऊक आहे.

"उजवं!" ते म्हणाले. आणि तोंडाचं ऐकून उजव्या पायानं इमानदारीनं उजवी पायटी दाबली.

नाव उजवीकडं वळली. समोर आता धुण्याचा घाट. नृसिंहराव दचकले, मनात म्हणाले उजवीकडं, तोंड म्हणालं "डावं!", डावा पाय खाली गेला, आणि नाव थेट घाटाकडं गेली.

"ओ पावणं! आवो पावणं! धुणं हाय, धुणं!"

नावेनं दोन लुगडी आणि एक चादर ओढत घाटाच्या पायरीला डोकं टेकलं. बायकांनी जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही, पण त्यात "म्हातारपणी" हा शब्द तीनदा आला.

सोमवारी नृसिंहराव केरबाकडं गेले.

"पायट्या उलट्या आहेत."

"सुलट्या हायत," केरबा म्हणाला.

"मग मी उलटा आहे. तारा बदल."

केरबानं मान हलवत तारा बदलल्या. आता उजवी दाबली की नाव डावीकडं जाणार होती. इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण नृसिंहराव मुळात कष्टाळू माणूस. तारा बदलल्या म्हणून स्वतःला सुधारायचं टाळणं त्यांना बरं वाटेना. आठवडाभर ते सोप्यात पाटावर बसून दोन विटांवर पाय ठेवत आणि स्वतःशी म्हणत, "डावं म्हणजे डावं. उजवं म्हणजे उजवं." बनाबाईनं त्यांना न विचारता संधिवाताचं तेल आणलं आणि गरम करून पुढ्यात ठेवलं. शनिवारपर्यंत बावीस वर्षांची सवय साफ मोडली. केरबानं मोटार दुरुस्त केली होती, आणि नृसिंहरावांनी नृसिंहराव. दोन्ही दुरुस्त्या एकाच नावेत बसून रविवारी पाण्यात गेल्या.

या वेळी ते काठापासून लांब, थेट मधल्या पाण्याकडं निघाले. तिथं वळायचा प्रसंग आला. डावं म्हणजे डावं, म्हणून त्यांनी डावा पाय दाबला. नाव उजवीकडं. घाबरून त्यांनी तो आणखी दाबला. नाव आणखी उजवीकडं. तार ताणली, तुटली, नळी वाकड्या मानेनं तिथंच अडकली, आणि नाव गोल फिरू लागली. एक फेरी झाली, दुसरी झाली. बटण बंद करावं तर ते मागच्या फळीवर, आणि उठलं तर नाव कलते. काठावर माणसं जमली.

"ओ पावणं! घिरट्या कशाला घालताय? दळण टाकलंय काय?"

"डावं दाबा, डावं!"

"आवो उजवं! त्यांचं ऐकू नगासा!"

"पायपेटी हाय न्हवं ती? मग नांदी तरी म्हणा!"

मोजणाऱ्यांत एकमत नाही, पण निदान चाळीस फेऱ्या झाल्या. मग पंखा दमला, हळू झाला, आणि बॅटरीनं जीव टाकला. नाव मधोमध उभी राहिली. काठावरची माणसं आणखी काही घडतं का म्हणून थोडी थांबली, आणि घडत नाही असं बघून आपापल्या कामाला लागली.

तिथं एकदम शांत झालं. नृसिंहरावांना चमत्कारिक काहीतरी जाणवलं आणि ते काय आहे हे कळायला वेळ लागला. त्यांच्या पाठीला वारा लागत होता. बावीस वर्षांत रंकाळ्यावर त्यांच्या पाठीला कधी वारा लागला नव्हता. थंडीच्या दिवसांत तर मौलाच्या पाठीची ऊब बंडीतून इकडं यायची, त्यातून विडीचा वास यायचा, आणि हसला की दोघांच्याही पाठी हलायच्या. गंमत अशी, की नावेत त्यांनी मौलाचं तोंड कधी बघितलंच नव्हतं. आणि आता समोर सगळं तळं रिकामं असताना त्यांना एकच गोष्ट बघायची होती, ती म्हणजे ते तोंड.

"उजवं," ते हळूच म्हणाले. कुणी काही वळवलं नाही.

मग त्यांच्या मनात ते आलं. या दोन रविवारांत पायानं आणि तोंडानं मिळून त्यांना इतक्यांदा फसवलं होतं, की घाईच्या वेळी आपल्या तोंडून कुणाचं उजवं निघेल, याची त्यांनाच खात्री उरली नव्हती. मग त्या मरळीच्या दिवशी काय निघालं असेल? आपणच चुकीचं ओरडलो असू. आणि चारचौघांत त्या माणसाला म्हणालो, तुला डावं-उजवं कळत नाही! चार-पाच महिने ते ज्या गोष्टीवरून मानानं दोन-दोन कप चहा पीत होते, ती गोष्ट तळ्याच्या मधोमध उतरून गेली. मौला यायचा असेल तर आपण जायला हवं होतं. आणि आता जायचं कसं, तर वल्ही घरी.

तासाभरानं पाण्यातून एक काळं डोकं त्यांच्याकडं येताना दिसलं. म्हैस होती. म्हशीच्या पाठीवर गुंडू म्हशीवाला बसला होता, पांढऱ्या मिशांचा, गुडघ्यापर्यंत ओला.

"पावणं, दोर टाका शिंगात. न्हाय तर सरळ शेपूट धरा."

"मी पावणा नाही! बावीस वर्षं येतोय मी इथं!"

"आसंल. शेपूट धरा."

नृसिंहरावांनी शेपूट धरलं. म्हैस निघाली, मागं नाव.

"जरा डावीकडून घ्या, तिकडं केंदाळ आहे," थोड्या वेळानं त्यांना राहवलं नाही.

"तिला डावं-उजवं सांगू नगासा. ती ऐकत न्हाय. तिला काठ ठाव हाय."

काठावर उतरल्यावर नृसिंहरावांनी मोटारीकडं बघितलंसुद्धा नाही. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, हाताला म्हशीचा वास, तसेच ते तीन बोळ चालून गेले. दार लालबीनं, मौलाच्या बायकोनं उघडलं. तिनं त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"या की भाईसाब! किती म्हैन्यांनी! आवो, कोण आलंय बगा तरी!"

मौला सोप्यात खळीची वाटी घेऊन शाळेची पुस्तकं शिवत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

"बसा," तो म्हणाला.

नृसिंहराव बसले नाहीत. उभ्यानंच बोललं पाहिजे, नाहीतर राहून जाईल, असं त्यांना वाटलं.

"मौला, त्या दिवशी चूक माझी होती. मी बहुतेक माझं डावं-उजवं ओरडलो आणि दोष तुला दिला. तुला कळत नाही म्हणालो. तर ते मलाच कळत नाही. आज सिद्ध झालं. सगळ्या काठासमोर. म्हशीसमोर."

मौलाची सुई थांबली.

"रावसाब, एक सांगू? रागवायचं न्हाय."

"सांग."

"तुमचं डावं-उजवं मी कदी ऐकतच न्हाय."

"म्हणजे?"

"पयल्या साली ऐकलं. चारदा केंदाळात गेलो. मग सोडून दिलं. तुमी तोंडानं बोलणार एक, आणि तुमची पाठ कलणार भलतीकडं. पाठ तर माझ्या पाठीला लागलेली. ती जिकडं दाबली, तिकडं मी नाव घेतली. पाठीचं कदी चुकलं न्हाय."

"मी ताठ बसतो," नृसिंहराव म्हणाले.

"व्हय तर," मौला अदबीनं म्हणाला.

"मग इतकी वर्षं मी ओरडत होतो ते?"

"वरडा की. बरं वाटतंय. मुक्यानं वल्ही मारायला कंटाळा येतो."

नृसिंहराव आता मात्र बसले. लालबीनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो त्यांनी नुसताच हातात धरला.

"मग त्या दिवशी? मरळ लागली त्या दिवशी पाठ कुठं कलली होती माझी?"

मौलानं लालबीकडं बघितलं, मग खळीच्या वाटीकडं. "कुटंच न्हाय. सगळा भार माझ्या पाठीवर टाकून निवांत हुती. चांगली अर्धा तास. रावसाब, तुमी झोपलावता."

मौलानं पुस्तकात आणखी एक टाका घातला.

"मरळीनं हिसका दिला तवा जागं झालासा. डोळं उघडायच्या आदी वरडलासा."

"मग तिथंच का नाही सांगितलंस मला?"

"काठावर ही एवढी माणसं. गळ धरून झोपला म्हटल्यावर मासं धरणाऱ्याला रंकाळ्यावर तोंड कुटं ऱ्हातंय?"

"आन् मला बी न्हाय सांगितलं," लालबी म्हणाली. "आयतवार आला की ह्ये उंबऱ्यात बसायचं. म्या म्हणायची, जावा की त्यांच्याकडं. तर म्हणायचं, त्यांनी हाक मारल्याबगार कसं?"

नृसिंहरावांनी पाणी प्यायलं. मग ते म्हणाले, "येत्या रविवारी येतोस?"

"येतो की. पर ती पायपेटी ठिवा घरी."

तो रविवार आला. पाणी तसंच होतं, गारवा तसाच होता, आणि नृसिंहरावांच्या पाठीला वारा लागत नव्हता. त्यांनी मनाशी पक्कं ठरवलं होतं, की आज तोंड उघडायचं नाही. नाव पाठीवर चालते, तर चालू दे पाठीवर. काठ मागं गेला, केंदाळ दिसलं, जीभ वळवळली, पण त्यांनी दात घट्ट आवळले आणि पाठ अगदी काळजीपूर्वक डावीकडं कलती केली. नाव डावीकडं वळली. त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी आणखी चारदा वळवून बघितली. एक शब्द न बोलता. बावीस वर्षांत आपण इतके शहाणे कधीच नव्हतो, असं त्यांना वाटलं, आणि हे मौलाच्याही ध्यानात आलं असणार, तो आता काहीतरी बोलेल, म्हणून ते कान देऊन बसले.

वल्ही थांबली.

"रावसाब," मागून काळजीच्या सुरात आवाज आला, "झोपलासा काय?"